रिकीब आणि पायबंद

घोड्याच्या संसारात पायाशी नाते असलेले दोन शब्द आहेत: रिकीब आणि पायबंद. रिकिबीत स्वाराचा पाय असतो, पायबंदात घोड्याचा. एकीने स्वाराला बळ येते, दुसऱ्याने घोड्याची चाल खुंटते. आपल्या अंगणातून घोडे गेले, तरी एखाद्या गोष्टीला आळा घालायचा झाला की आपण अजून पायबंदच घालतो. डोंगरात सायकल चालवणाऱ्यांनी अलीकडे जे पायडल पायाखाली घेतले आहे, ते या दोहोंपैकी कशात मोजावे, याचा मी बरेच दिवस विचार करीत आहे.

इंग्रजीत त्याला ‘क्लिपलेस’ म्हणतात. म्हणजे क्लिप नसलेले. पहिल्यांदा ऐकणाऱ्याची यात हमखास फसगत होते. बुटाच्या तळव्याला स्क्रूंनी एक लहानसा धातूचा तुकडा, क्लीट, बसवलेला असतो. पायडलातला स्प्रिंगचा जबडा तो असा पकडतो, की पाय उचलला तर पायाबरोबर सायकलही उचलली जावी. जे सगळ्यांत घट्ट धरते त्याचेच नाव ‘बंध नसलेले’! खुलासा साधा आहे. पूर्वी बुटाच्या चवड्यावर एक पिंजरा आणि चामड्याचा पट्टा असे, त्याला क्लिप म्हणत. ती गेली, आणि गेलेल्या वस्तूवरून नव्या वस्तूचे बारसे झाले.

आता प्रश्न असा. ज्या वाटेवर आपण केव्हा ना केव्हा पडणार हे पक्के ठाऊक आहे, त्या वाटेवर माणसाने आपण होऊन पाय बांधून घ्यावेत काय? हा प्रश्न मला केवळ सायकलीचा वाटत नाही. पण तो सायकलीवरच सोडवून पाहावा असे वाटते. कारण नोकरी, लग्न, पक्ष, गुरू या बाबतीत सुटण्याची किल्ली कुठे आहे, हे आपण कधी मोजून पाहिलेले नसते. पायडलात ती अंशांमध्ये मोजता येते.

चामड्याचा पट्टा असता तेव्हा तो सैल करायला हात खाली न्यावा लागे. 1971 साली इटलीतल्या चिनेली कंपनीने पट्ट्याशिवायचे पायडल काढले; तळव्याचा तुकडा खाचेत सरकवायचा आणि खटका लावायचा. सुटायचे असले तर पुन्हा वाकून हाताने तो खटका मागे घ्यायचा. पडणाऱ्या माणसाला हात मोकळा असतो, हा या यंत्रामागचा समज होता! धरण्याची कला तेव्हाच साधली होती. अडले होते ते सोडण्यापाशी, आणि ती अडचण सायकलवाल्यांनी सोडवलीच नाही. फ्रान्समधली लूक ही कंपनी बर्फावर घसरण्याच्या स्कींना बूट जखडण्याच्या पकडी करीत असे. स्कीवाला पडला की बूट सुटला पाहिजे, नाहीतर पायाचे हाड पिळून मोडते, हे त्या धंद्यातले पहिले कलम. त्यांनी तीच युक्ती 1984 मध्ये सायकलीला लावली, आणि 1985 साली बेर्नार इनो त्या पायडलांवर टूर द फ्रान्स जिंकला. ज्यांना पडण्याची सवय होती त्यांच्याकडून ही युक्ती यावी, हे मला फार योग्य वाटते.

डोंगरातल्यांना मात्र ते पायडल सोयीचे नव्हते. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन डोंगर उतरण्याच्या शर्यती 1976 मध्ये सुरू झाल्या. त्या उताराला ‘रीपॅक’ असे नाव पडले, कारण खाली पोचेपर्यंत ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. असल्या वाटेवर माणूस सायकलीवर बसतो तसा सायकल खांद्यावर घेऊन चालतोही. रस्त्याच्या बुटाखालची मोठी, बाहेर आलेली क्लीट घालून तो चालू लागला तर बदकासारखा दिसेल आणि खडकावर घसरेल. 1990 साली जपानच्या शिमानोने लहान क्लीट तळव्याच्या खोबणीत लपवली. बुटाच्या रबरावर चालावे आणि लोखंडाने पायडल धरावे. बांधलेल्या माणसालाही मधून मधून उतरून चालावे लागणार, हे ज्या बंधनात आधीच धरलेले आहे, त्याच्याबद्दल माझे मत थोडे चांगले होते.

पण ते सुटते कसे, इकडे जरा नीट पाहिले पाहिजे. घाबरलेला माणूस पाय ओढतो. वर ओढतो, मागे ओढतो. शरीराला तेवढेच ठाऊक असते. आणि नेमके तसे ओढल्याने हे पायडल सुटत नाही. चढावर जोर लावताना पाय निसटू नये म्हणूनच ते तसे घडवले आहे. ते सुटते टाच बाहेर वळवल्याने. चार-सहा अंशांपर्यंत पाय आतल्या आत हलू शकतो, तेवढा सैलपणा गुडघ्यासाठी ठेवलेला असतो. पुढे सुमारे 13 अंशांवर क्लीट जबड्याला बाजूला सारते आणि ‘टक्’ असा आवाज होऊन पाय मोकळा होतो. लागते ती एक हळुवार, जवळजवळ आळसावलेली हालचाल. भीतीने जी हालचाल सुचते ती निराळी, आणि सुटका होते ती निराळी. म्हणून नवशिका माणूस वेगात क्वचित अडकतो. वेगात पडताना सायकल एकीकडे आणि शरीर दुसरीकडे फिरते, त्या पिळातच पाय बहुधा सुटून जातो. तो पडतो ते थांबताना, चौकात, लोकांच्या देखत, अगदी सावकाश, एखादे कपाट कलंडावे तसा.

म्हणजे मोकळे होणे ही इथे शिकण्याची विद्या आहे. आणि ती गरज पडण्याआधी शिकावी लागते, कारण गरजेच्या क्षणी शिकायला वेळ नसतो. स्वातंत्र्य हे उपजत असते आणि बंधन तेवढे लादलेले असते, असे आपण लहानपणापासून निबंधांत लिहीत आलो. या पायडलावर निदान पहिला महिना उलटे घडते. बांधून घेणे एका क्षणाचे असते. टाच दाबली की झाले.

या पायडलांविरुद्ध एक आक्षेप मात्र मला भीतीच्या आक्षेपापेक्षा जड वाटतो. सपाट पायडलावर, ज्याच्या पाठीवर बारीक खिळे असतात त्याच्यावर, पाय नुसता टेकलेला असतो. दगडावरून सायकल उचलायची तर तिथे सारे शरीर कामाला लावावे लागते: आधी दबायचे, मग हँडल ओढून मागे जायचे, मग चवडे खाली झुकवून मागचे चाक वर खेचायचे. बांधलेल्या पायाचा स्वार यातले काही न शिकता नुसते पाय वर घेतो आणि सायकल निमूट त्याच्यामागून येते. आले म्हणून त्याला वाटते. प्रत्यक्षात ते त्याचे नसते, उसने असते. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल सपाट पायडलांवर उतारशर्यतींचा जगज्जेता झाला, आणि पुढे 2017, 2018 आणि 2019 अशी लागोपाठ तीन वर्षे एंड्युरो शर्यतींच्या जागतिक मालिकेतही सपाट पायडलांवरच पहिला आला. बाकीचे बहुतेक पाय बांधून उतरत होते. पाय वर ओढून अर्धी शक्ती आणखी मिळते, असे जे विकणारे सांगतात, तेही फारसे खरे नाही; संथ, एकसारख्या चालीत बहुतेक स्वार वर ओढतच नाहीत, वर येणारा पाय हलका करतात इतकेच.

तरीही उसने म्हणून नाक मुरडणे मला पटत नाही. माझ्या चष्म्यानेही मला दृष्टी दिलेली नाही. तो उतरवून ठेवला की दारावरची पाटी वाचता येत नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही. उसने घेण्यात कमीपणा नाही. आपण उसने घेतले आहे हे विसरण्यात आहे. शिवाय बांधलेल्या पायालाही त्याचे असे खरे देणे आहेच. खडखडीत उतारावर सपाट पायडलावरचा पाय उडतो. कुठे ठेवला होता आणि कुठे गेला याचा पत्ता लागत नाही. बांधलेला पाय दर वेळी त्याच जागी असतो, आणि तेवढी एक चिंता कमी झाली की डोळ्यांना पुढच्या वळणाकडे पाहायला फुरसत मिळते.

इथपर्यंत सारे माझ्यापुरते होते, आणि माझ्यापुरते मी गेली अकरा वर्षे पाय बांधूनच टेकड्या चढतो-उतरतो. गुंता झाला तो माझ्या भाच्याने विचारले तेव्हा. वय एकोणीस. मागल्या पावसाळ्याआधी एका दगडी उतारावर त्याचा पाय सपाट पायडलावरून उडाला आणि खिळ्यांनी नडगी फाडली. सात टाके पडले. “मामा, बांधलेली पायडले घेऊ का? तुम्ही सांगा.” त्याची आई, माझी थोरली बहीण, शेजारीच भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, “पाय मोकळे होते म्हणून टाक्यांवर निभावले. बांधलेले असते तर?” तो म्हणाला, “बांधलेले असते तर उडालेच नसते.” दोघांचेही म्हणणे बरोबर होते.

सल्ला देणाराचे पाय जमिनीवर असतात, ही सल्ल्यातली मोठी अडचण आहे. ‘तुझे तू ठरव’ असे म्हणणे सभ्यपणाचे दिसते. पण ज्याला वस्तू ठाऊक आहे त्याने गप्प बसून ज्याला ठाऊक नाही त्याला ठरवायला लावणे, ही अंग चोरण्याचीच एक रीत आहे. म्हणून मी त्याला सांगितले: अजून एक वर्ष सपाट पायडलांवरच काढ आणि सायकल उचलायला शीक. मग घ्यायचीच झाली तर अशी घे, की ज्यांचा स्प्रिंगचा स्क्रू ॲलन कीने सैल करता येतो, आणि तो अगदी सैल ठेव. काही पायडलांना असा स्क्रूच नसतो. त्यांत चिखल कमी अडकतो हे खरे, पण बंध किती घट्ट हे त्यांनीच ठरवलेले असते, फार तर क्लीट डावी-उजवी बदलून 15 अंशांचे 20 करता येतात. शिमानोची एक क्लीट अशी येते जी टाच आत वळवली किंवा पाय तिरका वर ओढला तरी सोडते. आधी ती लाव. आणि पहिला दिवस गवतावर. भिंतीला हात लावून शंभर वेळा अडकव, शंभर वेळा सोडव. पायाला सुटणे आले, की मग तू बांधून घ्यायला ‘हो’ म्हणालास असे मी समजेन. त्याआधी म्हटलेले ‘हो’ मी धरीत नाही.

या शेवटच्या वाक्यावर मी थोडा खूश होतो. संमती कशाला म्हणावे हे मला त्यात बसवता आले होते. ताईने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि हसून म्हणाली, “मला कुणी गवतावर सराव करू दिला होता रे?”

ताईचे लग्न भाच्याच्या आजच्या वयात झाले. तिने तक्रार केली नव्हती. तिचा संसार चांगला झाला आहे, आणि ती हे बोलली तेव्हा तिच्या आवाजात कडवटपणाही नव्हता. पण माझ्या व्याख्येने पाहिले तर तिचे ‘हो’ हे ‘हो’ नव्हतेच. आणि तसे तिच्या तोंडावर म्हणणे म्हणजे तिची तीस वर्षे मी एका व्याख्येने खोटी ठरवणे. ती कुठल्या क्षणी टाच वळवू शकली असती आणि वळवली नाही, हे तिलाच ठाऊक. कदाचित संमती काही बंधनांत मागाहून, रोज थोडी थोडी, भरली जात असेल. तसे असेल तर माझा गवतावरचा नियम पायडलांना लागू आहे आणि माणसांना अर्धाच.

दुसरीही एक गोष्ट ताईच्या बाजूने बोलते. ती कुठूनही सुटणारी क्लीट नवशिक्याला चांगली, पण सरावलेले स्वार ती पुढे काढून टाकतात. उभ्या चढावर, सारा जीव एकवटून पाय ओढावा, आणि नेमक्या त्या वेळी ती सोडून द्यायची. तेव्हा गुडघा हँडलवर आदळतो आणि माणूस तिथेच आडवा होतो. कुठल्याही झटक्याला जे सुटते त्याच्यावर भार टाकता येत नाही. भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, “मग शेवटी घट्टच करायचे, तर आधी सैल कशाला?” प्रश्न वाजवी होता. सैल असताना जे कळते ते घट्ट असताना उपयोगी पडते, एवढेच मला सांगता आले.

चिखलाचे मात्र त्याला मी बजावून सांगितले. आपल्याकडची काळी माती पावसात बुटाच्या खोबणीत गच्च बसते. वरून दाबले की पाय अडकल्यासारखा वाटतो, ‘टक्’ आवाज येत नाही, आणि पुढच्या झटक्याला तो निसटतो. अशा वेळी बांधलेले आहोत असे समजून वागू नये. उतरावे, काटकीने क्लीट उकरावी आणि मग पुढे जावे. झिजलेल्या क्लीटचेही तसेच. ती एके दिवशी नको तिथे सोडते, दुसऱ्या दिवशी हवे तिथे सोडत नाही, आणि वरून पाहून काही कळत नाही. ती वेळीच बदलावी.

भाच्याने अजून पायडले घेतलेली नाहीत. ताई त्याचे श्रेय मला देते आणि तो दोष देतो. रविवारी तो त्याच उतारावर जातो, सपाट पायडलांवर, टाचा खाली दाबून. नडगीवर मात्र आता जाड पट्टी बांधतो.