सल्ला कोणाचा, भोग कोणाचा?

इस्पितळात रोग्याला साधी एक गोळी द्यायची झाली, तरी ती कोणी लिहून दिली, कोणी दिली, किती वाजता दिली, हे सारे तक्त्यावर लिहावे लागते आणि खाली सही करावी लागते. उद्या काही बिनसले तर त्या सहीवरून जाब विचारता येतो. नोकरीची सारी वर्षे मी अशा सह्या करण्यात घालवली. पण त्याच इस्पितळाच्या बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक, शेजारी आणि शेजाऱ्यांचे ओळखीचे दिवसभर एकमेकांना जे सल्ले देत असतात, त्यांवर कोणाचीच सही नसते. सल्ला फळला तर ‘मीच म्हटले होते’ असे सांगणारे पाच जण पुढे येतात. फसला तर तो कोणी दिला होता हेच कोणाला आठवत नाही. मग अशा सल्ल्याची जबाबदारी कोणाची? देणाऱ्याची, घेणाऱ्याची, की जवळ बसून नुसते हसणाऱ्यांचीही?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. ब्रिसच्या जेवणात किंवा मालिद्याचे ताट उठल्यावर मश्कंता किती घ्यावी, गुडघ्याचे ऑपरेशन करावे की तेल चोळावे, यावर जितकी तोंडे तितकी मते निघतात. पण घरच्या गोष्टीत नावे गुंतलेली असतात, आणि लिहिणारीला पुढच्या मालिद्याला जायचे असते! म्हणून जरा दूरचे उदाहरण घेते. दूरचे म्हणजे तसे शेजारचेच.

ज्या काळात आपली माणसे अलिबाग, पेण, रेवदंडा, मुरूड सोडून मुंबईमार्गे लोद, रामले, बेर्शेबा, दिमोनाला येऊन स्थिरावत होती, त्याच काळात आपल्या वाडीशेजारचे कोकणी मुसलमान दुसऱ्या वाटेने निघाले. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, सौदी अरेबियात रस्ते, बंदरे, इस्पितळे बांधण्याची कामे धडाक्याने निघाली, आणि म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडकडची तरुण मुले जेद्दा, रियाध, दम्मामला गेली. माझ्याबरोबर मुंबईत नर्सिंग शिकलेली श्रीवर्धनकडची माझी एक मैत्रीण १९८४ साली जेद्दाला गेली व वीस वर्षे तिथेच राहिली. मी इकडे आले. आमच्या दोन देशांत थेट टपाल नव्हते. तिचे पत्र आधी मुंबईला तिच्या बहिणीकडे जाई आणि तिथून माझ्याकडे येई. एका प्रश्नाचे उत्तर मिळायला दीड-दोन महिने लागत, त्यामुळे आमची भांडणेसुद्धा फार सावकाश चालत.

तिच्या पत्रांत त्या मुलांच्या खोल्यांचे वर्णन पुष्कळदा असे. एका खोलीत सहा-आठ जण, खाली-वर खाटा, कोपऱ्यात स्टोव्ह, आठवड्याची पाळी लावून स्वयंपाक. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी नमाज आणि जेवण झाले की बैठक बसायची. श्रीवर्धनची सुपारी चांगली की मुरूडची मासळी, यावरून वाद सुरू व्हायचा आणि एकमेकांच्या सासुरवाडीपर्यंत जाऊन पोचायचा. थट्टा तर अखंड. मालकाच्या नकला, नव्या पोराच्या अरबीची टिंगल. ती लिहायची, की ही थट्टा नसती तर यांतली निम्मी माणसे माझ्या वॉर्डात वेड लागून आली असती. मला ते पटते. रात्रपाळीला आम्हीही मेट्रनच्या नकला करूनच जागत होतो.

आणि त्याच बैठकीत सल्लेही वाटले जायचे. त्यांचे तिथे किती मोल होते, हे समजायला एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी कामगार तिथे एका मालकाच्या नावावर येत असे. त्याला कफील म्हणतात. राहण्याचा परवाना म्हणजे इकामा, तोही त्या कफीलच्या आधारावर. ‘हा माणूस पळून गेला’ अशी नोंद कफीलने केली, की माणूस एका दिवसात बेकायदा ठरायचा. ‘आझाद व्हिसा’ नावाची चीजही गावोगावचे एजंट विकत: नावापुरता कफील, त्याला दर वर्षी पैसे भरायचे आणि बाहेर मिळेल ते काम करायचे. कायद्याच्या पुस्तकात असा व्हिसा कधीच नव्हता. पण अरबी वाचता येत नाही, कचेरीत जायची भीती, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. अशा माणसाला खोलीतल्या आठ जणांचे बोलणे हाच कायदा आणि हाच वकील.

१९९६ साली तिने कळवलेली हकीकत मी विसरलेले नाही. चोविसेक वर्षांचा एक मुलगा एका घरी ड्रायव्हर होता. पाच महिने पगार मिळाला नाही. खोलीने सांगितले, पळ. तो पळाला, मालकाने नोंद केली. पुढे काही महिन्यांनी एका रात्री त्याच्या पोटात दुखू लागले. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. वाचकांत ज्या नर्सा असतील त्यांनी ओळखलेच असेल. खोलीत बैठक बसली. इस्पितळात इकामा मागतील, पकडून देतील, यावर सगळ्यांचे एकमत. एकाने एरंडेल सुचवले, दुसऱ्याने गरम पाण्याची पिशवी. अपेंडिक्स सुजलेले असताना या दोन्ही गोष्टी म्हणजे विस्तवावर फुंकर. मेसचा आचारी, महाडकडचा, तो एकटा म्हणाला, ‘माझ्या धाकट्या भावाला असेच झाले होते, याला आत्ता न्या.’ त्यावर कोणीतरी म्हणाले, ‘आला मोठा डाक्तर!’ सगळे हसले. तो आजारी मुलगासुद्धा हसला. आचारी गप्प बसला.

पहाटे मुलाचे दुखणे एकाएकी कमी झाले. एरंडेलवाल्याची छाती फुगली, चहा झाला, आचाऱ्याला ‘डाक्तर’ हे नाव कायमचे पडले. अपेंडिक्स फुटले की थोडा वेळ असा आराम पडतो, हे त्या खोलीत कोणाला ठाऊक असणार? दुपारी पोट लाकडासारखे कडक झाले, ताप चढला. आता मात्र कोणी काही सांगेना. प्रत्येकाला ड्यूटी आठवली. पळालेल्या माणसाला आसरा दिला म्हणून आपलाही इकामा जाईल, ही भीतीही खोटी नव्हती. शेवटी आचाऱ्याने टॅक्सी बोलावली व त्याला माझ्या मैत्रिणीच्या इस्पितळात आणून टाकले. मुलगा वाचला, पण पाच आठवडे खाटेवर होता, आणि तिथून तरहीलमध्ये, म्हणजे परत धाडायच्या माणसांच्या कोठडीत गेला. पुढे रिकाम्या हाताने घरी.

वाचकहो, यात दुष्ट कोण होता? मला तर कोणी दिसत नाही. एरंडेलवाला रात्रभर त्याच्या उशाशी बसला होता. ‘आला मोठा डाक्तर’ म्हणणाऱ्याने घाबरलेल्या पोराला हसवले, एवढेच त्याच्या मनात असेल. पण मला वाटते, त्या रात्रीचे खरे नुकसान एरंडेलाने केले त्याहून अधिक त्या हशाने केले. वादात आचारी हरला नाही. त्याच्याशी कोणी वाद घातलाच नाही. तू कशावरून म्हणतोस, तुझ्या भावाला कुठे दुखत होते, एवढे जरी कोणी विचारले असते तरी पुरे होते. वाद घालणे हा एका परीने मानच आहे. समोरच्याचे बोलणे आपण ऐकले, याची ती पावती. थट्टेला ऐकावे लागत नाही.

थट्टेचे हे सामर्थ्य त्या भूमीला नवे नाही. आमच्या वॉर्डात नाझरेथची एक अरब सिस्टर होती. तिने शाळेत शिकलेल्या उकाझच्या गोष्टी मला सांगितल्या. तायफ गावाजवळ उकाझचा बाजार इस्लामपूर्व काळात भरत असे. २००७ पासून सौदी सरकारने त्याचा उत्सव पुन्हा सुरू केला. तिथे माल विकायचा, कैदी सोडवायचे, आणि कवींनी आपापल्या कविता म्हणायच्या. नाबिगा नावाचा ज्येष्ठ कवी तांबड्या चामड्याच्या तंबूत बसून निवाडा करी, आणि शब्दाशब्दावर बोट ठेवी, असे सांगतात. हा शब्द थोडेपणा दाखवतो, तिथे मोठेपणाचा हवा होता, असे. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यासारखेच हे, रात्र रात्र चालणारे. दोष काव्याचा काढायचा.

पण त्याच बाजाराची दुसरी गोष्ट आहे. ज्या पवित्र महिन्यांत शस्त्र उचलायचे नाही, त्याच दिवसांत लढाया पेटल्या. त्यांना फिजारच्या, म्हणजे अधर्माच्या लढाया म्हणतात. जुन्या अरबी ग्रंथांत त्यांची जी कारणे दिली आहेत ती वाचून हसावे की रडावे कळत नाही. एक माणूस पाय लांब करून बसला आणि म्हणाला, माझ्याहून थोर कोणी असेल त्याने यावर घाव घालावा. एकाने घातला. दुसऱ्या वेळी काही टवाळ पोरांनी बसलेल्या एका स्त्रीच्या वस्त्राचे टोक मागच्या मागे काट्याने अडकवून ठेवले. ती उठली तशी तिची फजिती झाली, पोरे हसली, तिने आपल्या टोळीला हाक मारली. मस्करीची कुस्करी म्हणतात ती हीच.

उलट त्याच समाजाने सल्ला मागण्याची एक सुंदर रीतही सांभाळली. मजलिस म्हणजे घरातली बैठकीची खोली, जिथे शेजारीपाजारी येऊन बसतात, भांडणे मिटवतात. २०१५ साली युनेस्कोने सौदी अरेबिया आणि तीन शेजारी देशांच्या या बैठकीची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. जुन्या बदाऊनी रिवाजाप्रमाणे तिथे काही मागणे घेऊन आलेला पाहुणा कॉफीचा पेला ओठाला न लावता समोर ठेवतो. यजमानाने ‘तुझे काम मी अंगावर घेतले’ म्हटले की मगच पितो. दहा जणांच्या देखत हे होते. तक्त्यावरच्या सहीत आणि यात मला फारसा फरक दिसत नाही.

ज्याला सल्ला विचारला तो विश्वस्त झाला, असे अरबांत म्हणतात. म्हणजे सल्ल्यासाठी सांगितलेले गुपित ही ठेव. ठेवीची गोष्ट निघाली की त्यांना आठवतो तो तैमाचा समवाल, म्हणजे शमुवेल, आपल्याच धर्माचा कवी. कोणी ठेवायला दिलेली चिलखते त्याने पोटच्या मुलाचा जीव गेला तरी शत्रूला दिली नाहीत, अशी आख्यायिका आहे. ‘समवालहून इमानी’ अशी म्हणच पडली आहे.

आपल्या तोराहत आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये असे सांगितले आहे, आणि आपल्या गुरूंनी त्याचा अर्थ वाईट सल्ल्यापर्यंत नेला: शेत विकून गाढव घे असे सांगून ते शेत स्वतः बळकावू नकोस. पण इथे लुबाडणारा डोळस आहे. त्या खोलीत सगळेच आंधळे होते आणि एकमेकांचा हात धरून चालले होते. त्यांना कोणते कलम लावायचे?

यावरून माझे आणि मैत्रिणीचे तीन वर्षे पत्रांतून भांडण चालले. मी लिहिले, माहीत नसेल तर माणसाने तोंड बंद ठेवावे. तिने उत्तर पाठवले, ‘तू तुमच्या कुपत होलिमच्या देशात बसून बोलतेस. इथे ज्यांना सगळे माहीत आहे ते खिडकीमागे बसून हे आमचे काम नाही म्हणतात. ज्यांना काही माहीत नाही तेच रात्री उठून पाणी तापवतात. त्यांनीही तोंड बंद केले तर हा मुलगा कोणाला विचारणार?’ तिचे अर्धे मला पटले. जाणकाराचे मौन अडाण्याच्या बडबडीपेक्षा जड आहे, हे मी मान्य करते. २०१३ साली तिथल्या सरकारने बेकायदा कामगारांना ३ नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली, तेव्हा लाखाहून अधिक भारतीय परत आले. रियाधची वकिलात आणि जेद्दाची कॉन्सुलेट यांनी कागद करून दिले म्हणूनच ते शक्य झाले. एरवी तेही खोल्याखोल्यांतल्या अफवांवर राहिले असते. मार्च २०२१ मध्ये कफीलच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची वाट बऱ्याच जणांना खुली झाली. घरचे ड्रायव्हर आणि मोलकरणी यांना त्यातून वगळले होते.

पण तिचे दुसरे अर्धे अजून पटलेले नाही. ती म्हणे, सल्ला प्रेमाने दिला की झाले. मी विचारते, प्रेम होते तर टॅक्सीत एकटा आचारीच का? ज्याने ‘पळ’ म्हटले, त्याने निदान सोबत इस्पितळाच्या दारापर्यंत यायला हवे होते. दारातून परत गेला असता तरी चालले असते. तिचे यावरचे उत्तर असे, की तू त्या दारात कधी उभी नव्हतीस. हे खरे आहे, मी नव्हते.

आचाऱ्याचे मात्र पुढे मजेशीर झाले. थट्टेने पडलेले ‘डाक्तर’ नाव तसेच राहिले, पण आता आजूबाजूच्या खोल्यांतली माणसे खरोखरच त्याच्याकडे दुखणी घेऊन येऊ लागली. तो बिचारा वैतागला. शेवटी माझ्या मैत्रिणीने त्याला मराठीत एक कागद लिहून दिला, कधी थांबू नये आणि सरळ इस्पितळात आणावे याचा. खाली तिने स्वतःची सही केली. तो त्याने पत्र्याच्या कपाटावर चिकटवला. छातीत दुखून घाम फुटला तर. उलटीत रक्त दिसले तर. पोट लाकडासारखे कडक झाले तर. आणि रात्रभर दुखणारे पोट पहाटे एकाएकी थांबले तर.