संघ सुधारला, म्हणजे काय झालें ?

इंग्लंडांत फुटबॉलच्या संघावर जो मुख्य अधिकारी नेमतात त्यास ‘मॅनेजर’ म्हणतात. संघ चार-सहा सामने ओळीनें हरला कीं या मॅनेजरास निरोप मिळतो, नवा येतो, आणि पुढच्या चारांपैकीं तीन सामने जिंकले कीं ‘याच्या हातास यश आहे’ असें वृत्तपत्रें लिहूं लागतात. लेस्टरच्या संघानें २०१६ च्या मे महिन्यांत क्लॉडिओ रानिएरी यांच्या हाताखालीं इंग्लंडचें अजिंक्यपद मिळविलें, आणि अवघ्या नऊ महिन्यांनीं, फेब्रुवारी २०१७ मध्यें, त्याच संघानें त्यांस घरीं पाठविलें. माणूस तोच, विद्याहि तीच. मग त्यांस डोक्यावर घेणारे चुकले, कीं काढून टाकणारे ? मला वाटतें, दोघांचा तर्क एकच होता. जिंकणें म्हणजे सुधारणें आणि हरणें म्हणजे बिघडणें, असें दोघेहि धरून चालले होते.

हा प्रश्न केवळ खेळाचा नाहीं. शाळेचा हेडमास्तर, पेढीचा व्यवस्थापक, जिल्ह्याचा कलेक्टर, यांच्याविषयीं आपण घरोघर जे निकाल देतों ते याच तर्कानें देतों, आणि त्या निकालांवर माणसांची अब्रू व अन्न अवलंबून असतें. खेळांत आंकडे उघड्यावर असतात, म्हणून तेथें हा तर्क तपासून पाहणें सोपें जातें, इतकेंच.

तपासण्यास इंग्लंडपर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं. विदर्भाचा क्रिकेट-संघ रणजी करंडकाच्या सामन्यांत १९५७-५८ पासून खेळत आहे. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षें त्यानें उपान्त्य फेरी पाहिली नव्हती. २०१७ सालीं मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, आणि त्याच हंगामांत संघानें इंदूर येथें दिल्लीचा ९ गडी राखून पराभव करून करंडक मिळविला. पुढच्या वर्षीं नागपुरास सौराष्ट्राचा ७८ धावांनीं पराभव करून तो राखला. या कथेस जणू दुसरा अर्थच संभवत नाहीं : गुरु आला आणि शिष्यांचें सोनें झालें.

पण इंदूरपूर्वीं कलकत्ता लागलें होतें, हें विसरूं नये. उपान्त्य सामन्यांत कर्नाटकास जिंकण्यास १९८ धावा हव्या होत्या आणि त्याचा डाव १९२ वर संपला. विजय ५ धावांचा. रजनीश गुरबाणी यानें त्या डावांत ७ बळी घेतले. आतां अशी कल्पना करा कीं त्याचे दोन चेंडू बॅटीची कड घेऊन स्लिपांमधून सीमेपार गेले असते. पंडितांनीं वर्षभर करून घेतलेली मेहनत तसूभरहि कमी झाली नसती, गुरबाणीची गोलंदाजी तितकीच चांगली राहिली असती, आणि तरी आपण म्हटलें असतें, “मुंबईचा मनुष्य आणून तरी काय झालें?” ज्या निर्णयाचें पारडें दोन चौकारांनीं उलट फिरतें, तो निर्णय माणसाविषयींचा म्हणावा कीं चेंडूविषयींचा ?

याच्या उलटहि पाहण्यासारखें आहे. २०१९-२० मध्यें पंडितच प्रशिक्षक होते, आणि संघ उपान्त्यपूर्व फेरींतहि पोहोंचला नाहीं. पंडितांची विद्या एका वर्षांत आटली, असें कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. म्हणजे यश आलें तर तें गुरूचें आणि अपयश आलें तर तें नशिबाचें, अशी आपली हिशेबाची वही आहे. रानिएरींच्या बाबतींत तेथील लोकांनीं ती उलटी लिहिली, एवढाच फरक.

आमचा भातकुली तालुका खारपाणपट्ट्यांत मोडतो. विहिरीचें पाणी खारट, पिकास बहुधा निरुपयोगी. कपाशी, तूर, हरभरा जें येईल तें पावसाच्या भरंवशावर. अशा मुलखांत कोणास एक साल भरघोस पीक झालें, तर गांवचीं जुनीं माणसें लगेच त्याची पाठ थोपटीत नाहींत. तीं धुऱ्यापलीकडच्या वावराकडे पाहतात. तेंहि तितकेंच पिकलें असेल, तर पाऊस चांगला झाला असें म्हणतात आणि पुढें चालूं लागतात. शेजारचें वावर सुकलेलें आणि याचेंच हिरवें असेल, तेव्हां मात्र थांबून विचारतात, “काय केलें गा यंदा ?”

हॉलंडांत एका अर्थशास्त्रज्ञानें नेमकें हेंच केलें. बास तेर वील यांनीं १९८६ ते २००४ या काळांतील तेथील फुटबॉल-संघ तपासले. मॅनेजर काढून टाकल्यावर संघ सांवरतात, हें खरें ठरलें. परंतु ज्या संघांची तशीच घसरण झाली आणि ज्यांनीं मॅनेजर बदलला नाहीं, तेहि तितकेच सांवरले. अतिशय वाईट दिवसांनंतर बरे दिवस येण्याकडेच गोष्टींचा कल असतो. त्या वेळीं जो खुर्चीवर बसलेला असेल त्याच्या गळ्यांत हार पडतो. ताप उतरणीस लागल्यावर ज्या वैद्यास बोलावलें त्याचाच मात्रेचा वळसा लागू पडला, असें आपण म्हणतों ना, त्यांतलाच हा प्रकार.

विदर्भाच्या बाबतींत धुऱ्यापलीकडचें वावर कोणतें ? मला तें त्याच हंगामांत सांपडतें. २०१७-१८ मध्येंच विदर्भाच्या १९ वर्षांखालील मुलांनीं कूचबिहार करंडक जिंकला, आणि अंतिम सामन्यांत मध्यप्रदेशाविरुद्ध अकोल्याच्या अथर्व तायडे यानें ३२० धावा केल्या. हा संघ पंडितांच्या हाताखालीं नव्हता. अर्थात् विदर्भाच्या भूमींतच त्या सुमारास कांहीं कस आला होता. मुलांस लहानपणापासून शिकविण्याची व्यवस्था कित्येक वर्षें आधीं झाली होती आणि तिचीं फळें वरच्या व खालच्या दोन्हीं फांद्यांवर एकदम दिसूं लागलीं. शिवाय मोठ्या संघांत वसीम जाफर यांच्यासारखा बाहेरचा अनुभवी फलंदाज पंडितांच्या पूर्वींच येऊन दाखल झाला होता, आणि गोलंदाजांवर सुब्रतो बॅनर्जी मेहनत घेत होते. या सर्वांचें श्रेय एका नांवावर मांडणें म्हणजे इतरांच्या घामाची चोरी आहे. ती आपण द्वेषानें करीत नाहीं. गोष्ट सांगतांना एक नायक असला कीं सोयीचें जातें म्हणून करतों.

मग पंडितांनीं कांहींच केलें नाहीं काय ? तसें म्हणणें हा दुसरा आळस होईल. पंडित २०२० मध्यें मध्यप्रदेशाकडे गेले, आणि ज्या संघानें रणजी करंडक कधींच जिंकला नव्हता त्यानें २०२२ सालीं बंगलोरास मुंबईचा पराभव करून तो मिळविला. वावर दुसरें, पाऊस दुसरा, बियाणें दुसरें. शेतकरी मात्र तोच. माझ्या दृष्टीनें विदर्भाच्या दोन करंडकांपेक्षां मध्यप्रदेशाचा हा एक करंडक पंडितांच्या बाजूनें अधिक बोलका आहे. (त्याच मैदानावर १९९९ मध्यें मध्यप्रदेशाचे कर्णधार असतांना ते अंतिम सामना हरले होते, ही हकीकत त्या वेळीं सर्वत्र छापून आली. हकीकत सुंदर आहे; पुरावा म्हणून तिची किंमत शून्य.) पुढें कलकत्त्याच्या आय. पी. एल. संघाकडे ते गेले. तेथें २०२३ मध्यें संघ सातवा, २०२४ मध्यें पहिला आणि २०२५ मध्यें आठवा आला. पहिला आला त्या वर्षीं गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून सोबत होते, आणि श्रेयाचा मोठा वांटा लोकांनीं त्यांस दिला. अवघ्या दोन महिन्यांच्या त्या जत्रेंत, लिलांवानें जमविलेल्या खेळाडूंस कोणी ‘घडवितो’ हें म्हणणेंच मला धाडसाचें वाटतें.

घडविण्यास वेळ लागतो, आणि त्याची परीक्षा घडविणारा निघून गेल्यावर होते. आमच्याकडे एका सालाच्या मक्त्यानें वावर करणारा मनुष्य त्यांत शेणखत घालीत नाहीं. खताचा गुण पुढच्या मक्तेदारास मिळावयाचा, तर त्यानें गाडीभाडें कां सोसावें? ज्या मॅनेजरास दर शनिवारीं नोकरी जाण्याची धास्ती, तो विशीच्या पोरास तीन सामने चुका करूं देईल काय ? तो जुनाच थकलेला खेळाडू उभा करील, कसाबसा सामना वांचवील, आणि आपण त्यास हुशार म्हणूं. येथें दोष त्याच्याइतकाच मक्ता ठरविणाऱ्यांचा, म्हणजे आपला, आहे. शाळेचा एका वर्षाचा दहावीचा निकाल पाहून हेडमास्तरांची योग्यता ठरविणारे पालकहि याच मक्त्यावर अंगठा उठवीत असतात.

पंडितांच्या मागें विदर्भाचें काय झालें ? कांहीं वर्षें संघ बाद फेरींत दिसला नाहीं. २०२३-२४ मध्यें तो पुन्हां अंतिम सामन्यास गेला आणि मुंबईकडून हरला. २०२४-२५ मध्यें त्यानें तिसऱ्यांदा करंडक जिंकला. त्या हंगामांत हर्ष दुबे यानें ६९ बळी घेऊन एका हंगामांतील बळींचा विक्रम केला, आणि दानिश मालेवार यानें अंतिम सामन्यांत १५३ धावा केल्या. इंदूरच्या विजयाच्या वेळीं हे दोघे शाळकरी वयाचे होते. त्यांस पंडितांनीं शिकविलें नाहीं. पण ‘विदर्भाचा संघ करंडक जिंकूं शकतो’ ही गोष्ट त्यांस चौदाव्या-पंधराव्या वर्षीं ठाऊक झाली. त्यांच्याआधींच्या दोन पिढ्यांस ती ठाऊक नव्हती. पंडितांच्या नांवावर निःशंकपणें कांहीं मांडावयाचें तर मी हें मांडीन, आणि तिसरा करंडक त्यांच्या नांवावर मांडणार नाहीं. तो मांडावयाचाच असेल तर त्या वेळचे प्रशिक्षक उस्मान घनी यांचें नांव आधीं येतें, जें वऱ्हाडांतील दहा सुशिक्षित घरांपैकीं दोन घरांत तरी ठाऊक असेल कीं नाहीं याची मला शंका आहे.

आणि तो अंतिम सामनाहि निकालीं झाला नाहीं. विदर्भाच्या पहिल्या डावांत ३७९, केरळाच्या ३४२; ३७ धावांच्या आघाडीवर करंडक नागपुरास राहिला. केरळाचा संघ तरी तेथवर कसा आला ? उपान्त्य सामन्यांत गुजराथवर २ धावांची आघाडी घेऊन. आणि ती आघाडी टिकली ती गुजराथच्या शेवटच्या फलंदाजानें टोलविलेला चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटावर आपटून वर उडाला व झेलला गेला म्हणून. केरळाच्या प्रशिक्षकांचीहि त्या आठवड्यांत वृत्तपत्रांनीं मोठी वाखाणणी केली. ती अयोग्य होती असें मी म्हणत नाहीं; चेंडू हेल्मेटावरून चार हात पलीकडे गेला असता तरी ती तितकीच योग्य ठरली असती, परंतु मग ती कोणी छापली नसती.