सोन्याची तोफ आणि हातातला फोन



गेल्या गुरुवारी सत्संगानंतर प्रसाद घेताना विषय निघाला. मांजलपूरच्या एक काकू म्हणाल्या, "हा फोन आला आणि समाधान गेलं. शेजारणीचा मुलगा कॅनडात. त्याचं नवं घर, नवी गाडी रोज स्टेटसला दिसते. आमचा इथेच मकरपुऱ्यात नोकरीला आहे, गुणी आहे, आमच्याजवळ आहे. तरी ते बघून मन खट्टू होतंच हो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. दोष फोनचा, असं ठरूनही गेलं. घरी आल्यावर मात्र आम्हाला वाटलं, निकाल जरा घाईतच लागला.

आपल्या बडोद्याचंच बघा ना. खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा करवल्या. 1870 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ मल्हारराव गादीवर आले. भावाच्या कैदेत त्यांनी कित्येक वर्षं काढली होती. त्यांनी काय करावं? सोन्याच्या तोफा ओतवल्या! आता सोन्याच्या तोफेनं लढाई थोडीच होते? भावापेक्षा वरचढ दिसायचं, एवढंच तिचं काम. 1875 मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केलं. गादी गेली त्याची कारणं वेगळी, पण तोफांनी ती वाचवली नाही. तेव्हा कुठे होतं इन्स्टाग्राम?

म्हणजे खोड जुनीच. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्येच मांडलं होतं की, स्वतःला मोजायला दुसरं माप सापडलं नाही, की माणूस शेजाऱ्याचं माप घेतो.

मग फोन अगदी निर्दोष का? तसंही नाही. त्या तोफा लोकांना कधीतरी सणासमारंभात दिसत. आता मिरवणूक चोवीस तास आपल्या उशाशी. शिवाय, बोट जिथे थबकतं तेच फोन पुन्हा पुन्हा पुढे आणतो, आणि प्रत्येक फोटोखाली लाइकचा आकडा लावतो. 2021 मध्ये इन्स्टाग्रामच्याच कंपनीचं अंतर्गत संशोधन बाहेर आलं. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी 32 टक्के मुलींनी सांगितलं होतं, की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं. 'आधीच' आणि 'आणखी', हे दोन्ही शब्द ध्यानात ठेवू या. विस्तव आपला, फुंकर त्यांची.

पण तुलना सोडून द्यावी, असंही आम्हाला वाटत नाही. मल्हाररावांनंतर कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक येऊन गादीवर बसला, ते आपले सयाजीराव महाराज. त्यांनीही तुलना केली. परदेशातल्या शाळा, ग्रंथालयं पाहिली आणि आपल्याकडे काय कमी आहे ते हेरलं. 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. 1910 मध्ये ग्रंथालयांसाठी अमेरिकेतून बॉर्डन यांना बोलावलं. एका तुलनेतून तोफ निघाली, दुसरीतून शाळा. एकानं विचारलं, "मी वर की खाली?" दुसऱ्यानं विचारलं, "यातून घेण्यासारखं काय?"

आता थोडं कडू, आणि ते स्वतःलाच धरून. गेल्या महिन्यात आपल्याच ग्रुपवर पारायणांचे आकडे पडत होते. कुणाची तीन, कुणाची सात, खाली हात जोडलेल्यांची रांग. आम्हीही त्यात होतो. एक ताई गुपचूप ग्रुपमधून बाहेर पडल्या. यजमान अंथरुणाला खिळलेले, त्यांना दिवसाला एखादाच अध्याय जमायचा. फोन केला तेव्हा म्हणाल्या, "माझीच सेवा कमी पडते असं वाटायला लागलं." हे कुठल्या कंपनीनं केलं नाही. आपण केलं. त्यांच्या सेवेला मोजायला आपल्याकडे माप तरी होतं का?

म्हणून या महिन्यापासून ग्रुपवर आकडे टाकायचे नाहीत, असं ठरवू या. पारायण झालं, की आकडा टाकण्याऐवजी एखाद्या घरी फोन करून विचारपूस करावी. त्या ताईंकडे आम्ही रविवारी जातोय. कुणाला यायचं असेल तर कळवा.

आणि काकू, तुमचा मुलगा संध्याकाळी घरी येतो ना? त्या वेळी फोन जरा बाजूला ठेवा बरं का. 🙏