एका लॉटचे संगणक

जालन्यात बियाण्यांची एक कंपनी होती. जालना हे बियाण्यांचंच गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली आणि तेव्हापासून बी हा धंदा या गावाच्या अंगात भिनला. आपल्या कथेतली कंपनी त्यामानाने लहान. सोयाबीन, तूर, मका आणि थोडं भाजीपाल्याचं बी. मुख्य कचेरी जालन्यात, प्रक्रिया केंद्र गावाबाहेर, आणि परभणी, सेलू, हिंगोली, वाशीम, मेहकर इथे डेपो. सगळीकडचे मिळून सत्तर संगणक होते.

मालकांना सगळे भाऊ म्हणत. पैसा कसा साठतो हे त्यांनी सायकलच्या कॅरिअरवर पिशव्या बांधून गावोगाव फिरताना शिकलेलं. खरेदीचं काम त्यांच्या विश्वासातल्या एका काकांकडे होतं. कुठल्याही डेपोला संगणक हवा असला की काका तीन कोटेशनं मागवत आणि सर्वांत स्वस्त असेल तो घेत. कधी औरंगाबादच्या दुकानातून, कधी परभणीच्या, कधी ऑनलाइन सेलमधून. दर खेपेला दोन-अडीच हजार वाचत. काकांच्या प्रामाणिकपणाकडे कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. दुकानदाराचा चहासुद्धा ते घेत नसत. असं दहा वर्षं चाललं. प्रत्येक बिल तपासलं तर प्रत्येक बिल योग्यच होतं.

हे संगणक चालते ठेवायला एक मुलगी होती. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन आलेली, अंबड तालुक्यातली. डेपोवाले वयाने मोठे असूनही तिला ताई म्हणत, कारण अडलं की फोन तिलाच लावावा लागे.

नवा संगणक आला की ताईचा अख्खा दिवस त्यात जाई. खोक्यातून काढायचा, विंडोज सुरू करायचं, तासन्‌तास अपडेट उतरवायचे, बिलाचं सॉफ्टवेअर टाकायचं, टॅली टाकायचं, मराठीचा कीबोर्ड बसवायचा, मग प्रिंटर. प्रिंटरचा ड्रायव्हर सापडणं हे एक वेगळंच प्रकरण, कारण प्रत्येक डेपोत प्रिंटर निराळा आणि संगणकही निराळा. परभणीत शिकलेली युक्ती मेहकरला चालत नसे. त्यातून स्वस्त मिळालेले बहुतेक संगणक विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीचे. ही आवृत्ती कंपनीच्या सर्व्हरच्या डोमेनला जोडता येत नाही. म्हणजे जालन्यात बसून सगळ्यांना एक नियम लावायची सोयच नाही. प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जातीने जायचं. कोटेशनच्या तक्त्यात आवृत्तीचा रकाना नव्हता, त्यामुळे हा फरक कुणाला दिसलाच नाही.

२०२४ चा जून. मृग लागलेला, पहिला पाऊस झालेला. बियाण्याच्या धंद्यात वर्षाची कमाई या पंधरा-वीस दिवसांत होते, आणि लॉट क्रमांक टाकून बिल निघाल्याशिवाय पिशवी गोदामाबाहेर जात नाही. सकाळी साडेनऊला हिंगोलीचा फोन आला.

“ताई, बिल निघंना. कॉम्प्युटर निळा होऊन बंद पडायला. दारात दुकानदार उभे हायेत, टेम्पो लावून.”

ताईने फोनवरून दोन तास प्रयत्न केले. त्या संगणकावर डेपोच्या कारकुनाच्या पोराने कुठलासा खेळ टाकला होता. प्रत्येकाला सगळे अधिकार दिलेले असल्यामुळे टाकता आला. शेवटी ती एसटीने निघाली. चारेक तासांची वाट. पोचली तेव्हा दुपार कलली होती. हार्ड डिस्क गेली होती आणि तिच्याबरोबर महिन्याभराची येणेबाकी. शेजारच्या डेपोतून दुसरा संगणक आणावा तर त्यावर तो प्रिंटर चालेना. बिलं सुरू झाली दुसऱ्या दिवशी अकराला. तोवर बरेच टेम्पो समोरच्या कंपनीच्या गोदामातून भरून गेले होते.

भाऊ संतापले. जुलैत त्यांनी काकांना आणि ताईला बोलावलं आणि म्हणाले, “कॉम्प्युटरवरचा खर्च लई झालाय. पुढच्या वर्षी निम्मा करा.”

काका म्हणाले, “अजून स्वस्त बघतो. जुने वापरलेले मिळतात.”

ताई गप्प होती. तिने एक वही पुढे केली. नोकरीला लागल्यापासून ती रोज त्यात लिहीत असे: कुठे गेले, कशासाठी, किती वेळ लागला, तोवर तिथलं कोण रिकामं बसून राहिलं. भाऊंनी चष्मा लावून पानं उलटली. सेलू, अर्धा दिवस, प्रिंटर. वाशीम, एक दिवस, नवा संगणक जोडणे. परभणी, एक दिवस, व्हायरस. पुन्हा परभणी, तेच. प्रवासाचा खर्च फार नव्हता. पण ताईचे दिवस आणि तिची वाट बघत बसलेल्यांचे दिवस यांची पगाराच्या हिशेबाने बेरीज मांडली होती, आणि ती बेरीज त्या वर्षीच्या सगळ्या संगणक-खरेदीपेक्षा मोठी होती.

“हिंगोलीहून परत गेलेल्या टेम्पोंचा आकडा मी लिहिला नाही,” ताई म्हणाली. “तो मला कळत नाही. तुम्हाला कळतो.”

अमेरिकेतल्या गार्टनर या सल्लागार संस्थेने १९८७ मध्ये कंपन्यांना नेमकं हेच दाखवायला सुरुवात केली होती. संगणकाची किंमत दुकानात देतो ती नसते. तो मांडणं, सांभाळणं, शिकवणं, दुरुस्त करणं आणि बंद पडल्यावर बसून राहणं यात गेलेला पैसा त्याहून जास्त असतो. ताईने गार्टनरचं नाव कदाचित ऐकलं नसेल. एका प्रामाणिक वहीतून ती तिथेच पोचली होती, आणि मला या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती ही वही.

भाऊ म्हणाले, “पण संगणक स्वस्त घेतले हे चुकलं कसं? एकेक बिल बघ.”

तेव्हा ताईने विचारलं, “भाऊ, आपण एका पिशवीत दोन लॉटचं बी भरतो का?”

भाऊंनी वर पाहिलं. “भेसळ होईल. एक आठ दिवसांत उगवंल, दुसरं बारा दिवसांत. एकाला रोग, दुसऱ्याला नाही. शेतकऱ्यानं खत कधी द्यायचं, फवारणी कधी करायची?”

“दोन्ही लॉट आपापल्या जागी चांगले असले तरी?”

“चांगले असले तरी.”

“आपल्याकडे सत्तर संगणकांत एकतीस लॉट आहेत,” ताई म्हणाली.

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. बियाण्याच्या माणसाला यापुढे समजावायला लागत नाही. बीजोत्पादनाच्या शेतातून वेगळी दिसणारी झाडं उपटून काढायला ते दर हंगामात माणसं लावत; ती झाडं वाईट असतात म्हणून नव्हे, वेगळी असतात म्हणून.

कामाला सुरुवात यादीपासून झाली. कुठला संगणक कुठे, कधी घेतला, आत काय आहे, कोण वापरतं. ही यादी दहा वर्षांत कुणी केली नव्हती. ती करताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. विंडोज १० चे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. सत्तरांपैकी सव्वीस संगणक त्यात बसत नव्हते. काकांनी त्यातले काही दोनच वर्षांपूर्वी, जुना माल स्वस्तात मिळाला म्हणून घेतले होते.

इथे भाऊंचा मुलगा मध्ये पडला. तो पुण्याला शिकून आलेला. म्हणाला, “विंडोजच कशाला? लिनक्स फुकट आहे. फ्रान्सच्या जांदार्मरी पोलिसांनी हजारो संगणक त्यावर नेलेत.”

“नेलेत,” ताई म्हणाली, “पण त्यांनी आधी ऑफिसचं सॉफ्टवेअर बदललं, मग ब्राउझर आणि मेल बदलले, आणि लोकांना सवय झाल्यावर मग खालची सिस्टिम. कित्येक वर्षं लागली. म्युनिक महापालिकेनंही पंधरा हजारांच्या आसपास संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर यायचं ठरवलं. आपलं बिलाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. फुकट सिस्टिम टाकून बिलासाठी दुसरा संगणक ठेवला, तर पुन्हा दोन लॉट झाले.”

मुलाला ते पटलं, आणि त्याचंही थोडं खरं होतं. पत्रं आणि तक्ते यांसाठी सगळीकडे लिबर ऑफिस हे फुकट सॉफ्टवेअर आलं. तिथला परवान्याचा खर्च थांबला, कुणाचं काम अडलं नाही.

दिवाळीनंतर, धंद्याच्या निवांत काळात, त्या सव्वीसांच्या जागी सव्वीस नवे संगणक एकदम घेतले. एकच मॉडेल, डोमेनला जोडता येणारी ‘प्रो’ आवृत्ती, जागेवर येऊन दुरुस्ती करून देणारी तीन वर्षांची हमी. एकेकटा घेतला असता तर हा संगणक सर्वांत स्वस्त निघाला नसता. पण सव्वीस म्हटल्यावर दुकानदारही खाली उतरला, आणि घासाघीस काकांनीच केली. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. उरलेल्या चव्वेचाळीसमधले अगदी अडमुठे सहा मोडीत काढून नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे दिले. त्यांच्या जागी कुठे नवे लागले नाहीत. यादी करताना सहा टेबलांवरचे संगणक कुणी वापरतच नाही हे कळलं होतं. बाकीच्यांत जिथे जुनी फिरती हार्ड डिस्क होती तिथे एसएसडी बसवली, जिथे ‘होम’ होतं तिथे ‘प्रो’चा परवाना घेतला. आता संगणकांच्या चारच जाती उरल्या.

मग ताईने एक संगणक मन लावून तयार केला. विंडोज ११, सगळे अपडेट, बिलाचं सॉफ्टवेअर, मराठी कीबोर्ड, चारही जातींच्या यंत्रांचे ड्रायव्हर, आणि आता सगळीकडे एकाच जातीचा केलेला प्रिंटर. त्याची मास्टर प्रत काढून सर्व्हरवर ठेवली. जालन्यात नवा संगणक नेटवर्कवरून चालू करायचा, प्रत निवडायची, आणि चहा पिऊन येईपर्यंत निम्मं काम झालेलं. डेपोंची इंटरनेटची लाईन एवढी जड प्रत ओढायला पुरत नाही, म्हणून तिने तिथे निराळी व्यवस्था केली. प्रत्येक डेपोत एक तयार संगणक कपाटात. चालता बंद पडला तर कारकुनाने तारा काढून तयार संगणकाला लावायच्या. बंद पडलेला बियाण्याच्या परतीच्या गाडीतून जालन्याला. फाइली डेपोतल्या डिस्कवर राहिल्याच नव्हत्या, त्या सर्व्हरवर होत्या. कारकुनांचे अधिकार काढले, तेव्हा कुरकुर झाली. ताईने ती ऐकून घेतली आणि मागे हटली नाही.

अपडेट आधी जालन्यातल्या पाच संगणकांवर, आठवड्याने सगळीकडे. हे तिने फार गंभीरपणे घेतलं, आणि घ्यायलाच हवं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या घातक सॉफ्टवेअरने ब्रिटनच्या अनेक सरकारी इस्पितळांचे संगणक बंद पाडले, तेव्हा त्यावरचा इलाज मार्चमध्येच आलेला होता. तो लावायचा राहिला होता.

विजेचंही तिने काढून दाखवलं. रात्री चालू राहिलेला संगणक पन्नास वॅट धरला तरी चौदा तासांत पाऊण युनिटाच्या आसपास खातो. सगळे मिळून रात्रीला पंचेचाळीस युनिट. दहा रुपये दर धरला तर वर्षाच्या तीनशे रात्रींचे सव्वा लाखाच्या वर. सर्व्हरवरून एक नियम लावला आणि आठ वाजता सगळे आपोआप बंद व्हायला लागले.

२०२५ चा जून आला. पाऊस वेळेवर, गर्दी तुफान. मेहकरचा एक संगणक भर गर्दीत बंद पडला. कारकुनाने वीस मिनिटांत दुसरा लावला आणि संध्याकाळी सवड झाल्यावर ताईला कळवलं. हंगामभर ती जालन्याबाहेर गेली नाही.

जुलैत भाऊ हिशेबाला बसले. खर्च खरंच उतरला होता. त्यांनी पगारपत्रक पाहिलं आणि काकांना म्हणाले, “या पोरीला आता काम काय उरलंय? दिवसभर जाग्यावर बसलेली दिसते.”

भाऊ वाईट माणूस नव्हते. बिघाड दिसतो, धावपळ दिसते, घामाघूम झालेला माणूस दिसतो. न झालेला बिघाड कुठल्याच वहीत येत नाही. चांगली देखभाल करणाऱ्या माणसावर हा प्रसंग कधी ना कधी येतोच, आणि पुष्कळ ठिकाणी तो माणूस जातो. मग वर्षा-दोन वर्षांत मास्टर प्रत जुनी होते, कपाटातला संगणक कुणीतरी टेबलावर घेतो, ‘तेवढ्यापुरता’ एक स्वस्त संगणक बाजारातून येतो, आणि एकतीस लॉट पुन्हा जमू लागतात.

उत्तर काकांनी दिलं. ते म्हणाले, “भाऊ, गेल्या हंगामात आपल्या प्लॉटमध्ये भेसळीची झाडं किती निघाली?”

“जवळजवळ नाहीच.”

“मग यंदा प्लॉट बघायला माणसं नको लावायला?”

भाऊंनी पगारपत्रक मिटलं. त्या दिवशी तीन गोष्टी ठरल्या. दर वर्षी संगणकांचा पाचवा हिस्सा बदलायचा, तोही दिवाळीनंतर आणि एकाच मॉडेलचा. कोटेशनच्या तक्त्यात आवृत्ती, हमी आणि ‘आपल्या चार जातींत बसतो का’ असे तीन रकाने वाढवायचे. आणि ताईच्या हाताखाली एक मुलगा घ्यायचा, तिने सगळी कामाची रीत मराठीत लिहून काढायची, म्हणजे ती रजेवर असली तरी हिंगोलीचं बिल थांबणार नाही.

ऑक्टोबरची चौदा तारीख आली आणि गेली. कंपनीत त्या दिवशी विंडोज १० वर चालणारा एकही संगणक नव्हता.