आकारमानातून उमटणारा रंग

पदार्थाचा रंग त्याच्या रासायनिक घडणीवरून ठरतो ही समजूत व्यवहारात सहसा खोटी ठरत नाही, कारण मोरचुदाचा खडा फोडला तरी त्याचे तुकडे निळेच राहतात. कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाचे स्फटिक मात्र काही नॅनोमीटरइतके, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांशांइतके, लहान झाले की ही समजूत कोलमडते. अतिनील दिव्याखाली सुमारे 6 नॅनोमीटर व्यासाचे कण तांबडे, तर सुमारे 2 नॅनोमीटरचे निळसर उजळतात, आणि दोन्हींतील द्रव्य एकच असते.

अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांसाठी दोन ऊर्जापट्टे असतात व त्यांमध्ये एक निषिद्ध अंतर असते. ते ओलांडण्याइतकी ऊर्जा प्रकाशकणाकडून मिळाली की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो, मागे त्याची रिकामी जागा, म्हणजे धनभारित ‘भोक’, उरते, आणि परस्परांच्या ओढीने बांधलेल्या या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. कॅडमियम सेलेनाइडमध्ये या जोडीचा स्वाभाविक पसारा त्रिज्येने 5 ते 6 नॅनोमीटर असतो. स्फटिक त्याहून लहान असला, की तरंगरूप इलेक्ट्रॉन व भोक दोघेही कोंडले जातात, तरंग आखूड होतो, गतिज ऊर्जा वाढते आणि उत्सर्जित प्रकाश निळ्याकडे सरकतो. सतारीची तार पडद्यावर दाबून आखूड केली की स्वर चढतो, त्याच जातीची ही घटना आहे. फरक एवढाच की तारेची कंप्रता लांबीच्या व्यस्त प्रमाणात वाढते, तर कोंडमाऱ्याची ऊर्जा आकारमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, आणि म्हणूनच अर्ध्या नॅनोमीटरचा फरकही डोळ्यांना दिसतो.

लेनिनग्राडमध्ये अलेक्सेई एकिमोव्ह यांनी तांब्याचे क्लोराइड मिसळलेली काच 500 ते 700 अंश सेल्सिअस तापमानात 1 ते 96 तास तापवली, तेव्हा काचेत 2 ते 30 नॅनोमीटरचे स्फटिक वाढले, आणि स्फटिक जितका लहान तितकी त्याने शोषलेल्या प्रकाशाची तरंगलांबी आखूड आढळली. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत लुईस ब्रुस यांनी 1983 मध्ये हेच द्रवात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत दाखवले. मेजावर राहिलेल्या द्रावणातील कण वाढले आणि त्यांचे प्रकाशशोषण बदलले, हा बदल त्यांनी किरकोळ दोष म्हणून झटकून टाकला नाही, यात त्यांची खरी थोरवी आहे. एका द्रावणातील सर्व कण जवळजवळ समान आकारमानाचे मिळवण्याची रीत मौंगी बावेंडी यांच्या गटाने 1993 मध्ये दिली. तिच्यावाचून रंग एकमेकांत मिसळून पुसटच राहिले असते. या तिघांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तरीही आकारमान सर्वस्व नव्हे. इतक्या लहान कणात अणूंचा मोठा वाटा पृष्ठभागावर असतो, तेथील अपुरे बंध उत्तेजित इलेक्ट्रॉनाला अडकवतात आणि प्रकाशाऐवजी ऊर्जा उष्णतेत विरते. म्हणून कणावर झिंक सल्फाइडचे कवच चढवावे लागते, आणि ते चढल्यावर तोच मंद कण प्रखर उजळू लागतो.