न जळणारी मोटार

राणीसावरगावात ओसरीवर बसून इलेक्ट्रिकलचा ऑनलाइन अभ्यासक्रम करणाऱ्या एका मुलाने ‘काका, आजची लॅब झाली बघा’ असे सांगून मोबाइल चार्जिंगला लावला, तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनात सलते आहे. व्याख्यान घरबसल्या उत्तम ऐकता येते, हे २००३ साली सुरू झालेल्या एनपीटीईएल या व्याख्यानांच्या उपक्रमाने केव्हाच सिद्ध केले. वाद आहे तो हाताचा.

माझे एक प्राध्यापक स्नेही केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’चे कट्टर पुरस्कर्ते आहेत. तेथे उपकरण मोडत नाही, मोटार जळत नाही, असे ते अभिमानाने सांगतात आणि नकळत आपल्याच पक्षाविरुद्ध साक्ष देतात. कारण खरे उपकरण आपल्याला नकार देऊ शकते, तर त्याचा आभास रचणाऱ्याने कल्पिलेल्या चुकांपलीकडे चूकही करू देत नाही. बाजारात मोटार भरून देणाऱ्या कारागिरापाशी घटकाभर बसावे: जळक्या वार्निशाच्या वासावरून तो अर्धे निदान करतो, सिरीजचा दिवा लावून वाइंडिंग कोठे तुटले ते शोधतो आणि नवी तार भरताना तिचा ताण बोटांनीच जोखतो. (शिवारातले पंप एकदम सुरू झाले की २३० व्होल्टचा कागदी हिशेब कसा ढासळतो, हेही त्याला क्रमिक पुस्तकाने शिकवलेले नाही, पण ते विषयांतर झाले.)

अभिमत विद्यापीठांत २००१ ते २००५ या काळात दूरशिक्षणाने प्रवेश घेतलेल्यांच्या अभियांत्रिकी पदव्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये स्थगित केल्या. त्या निवाड्याच्या आधारे हा खटला निकालात काढावा, असा माझा बेत होता. आडवे आले ते आयआयटी मुंबईचे एक चिमुकले यंत्र. तापणारी तार, पंखा, तापमापक एवढाच त्याचा सरंजाम. पण विद्यार्थ्याने दुरून इंटरनेटवर आज्ञा धाडली की खरोखरीची पट्टी तापते आणि तिचे तापमान लहरींसकट त्याच्यापर्यंत पोहोचते. हात तेथे नाही, नकार मात्र आहे. उलट एकाने तारा जोडायच्या आणि बाकीच्यांनी मागल्या वर्षीच्या जर्नलातून रीडिंगे उतरवायची, हा महाविद्यालयीन शिरस्ता कोणास ठाऊक नाही?

तेव्हा दूर-जवळ या वादात मला आता स्वारस्य उरलेले नाही. आयआयटी मद्रासने इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सच्या पदवीत पाठ ऑनलाइन ठेवून प्रयोगांसाठी मुलांना चेन्नईस बोलावले आहे. तजवीज चोख आहे, फक्त राणीसावरगावच्या मुलाला गंगाखेड स्टेशनावरून चेन्नई फार लांब पडते. जिल्ह्यांतील तंत्रनिकेतनांनी आणि आयटीआयनी सुट्टीत आपल्या कार्यशाळा अशा मुलांना खुल्या कराव्यात, आणि परीक्षकाने जर्नल मिटून ठेवून प्रयोगात काय बिघडले एवढेच त्यांना विचारावे.