चिलटाची चढण

पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे आपण हाताने झटकून टाकतो. शास्त्रज्ञ मात्र म्हातारपणाचे कोडे उलगडण्यासाठी तीच बाटल्यांत पाळतात. अंड्यातून चिलट व्हायला दहाएक दिवस लागतात आणि दोन-तीन महिन्यांत त्याचे जन्म, जरा, मरण डोळ्यांदेखत उरकते.

शास्त्रज्ञ मायकेल रोझ यांनी पिढ्यानपिढ्या फक्त वयस्क चिलटांचीच अंडी पुढे वाढवली. तो वंश अधिक जगू लागला, हे त्यांनी १९८४ साली मांडले. मात्र ती चिलटे तरुणपणी अंडी कमी घालत. वाढीव आयुष्य फुकट मिळाले नाही.

शास्त्रज्ञांची आणखी एक चाचणी विचार करायला लावते. बाटली हलकेच आपटली की चिलटे तळाशी पडतात आणि स्वभावानेच काचेवरून वर चढू लागतात. वय झालेले चिलट हळू चढते, पुढे त्याला चढवतच नाही. म्हणजे किती दिवस जगले एवढे मोजून भागत नाही, किती दिवस चढले तेही पाहावे लागते.

दिवेघाटात ज्याचे गुडघे बोलू लागले, त्याला हे वेगळे सांगायला नको. “पांडुरंगा, पुढच्या वारीपर्यंत ठेव,” असे आपण मागतो. हा लोभ आहे काय? नुसते दिवस मागितले तर लोभच. चालण्यासाठी, सेवेसाठी बळ मागितले तर त्याला लोभ म्हणवत नाही. म्हणून जरेचे दुःख हलके करू पाहणारी विद्या मी भूतदयेचेच काम मानतो.

पण बाटलीतले माप माणसाला पुरत नाही. खाटेला खिळलेल्या आजीला उंबरा ओलांडवत नाही, तरी आषाढीत तिचे मन पंढरीची वाट चालत असते. “आता हिचे काय राहिले?” असे म्हणणारा तिला चिलटाच्या मापाने मोजतो. ज्ञानोबारायांनी २१ व्या वर्षी समाधी घेतली, नामदेवराय ८० वर्षे जगले. त्यांची थोरवी आपण वर्षांवर मोजतो का?

आयुष्य वाढेल तेव्हा वाढो. यंदा वारीला निघण्याआधी त्या आजीच्या उशाशी घटकाभर बसा. तिच्यासोबत नाम घ्या आणि मग पाऊल उचला.

रामकृष्ण हरी.